अम्मीचा रोजा, इन्सुलिन आणि रुख्सत

निळाई

रमजानला दोन महिने आहेत आणि आमच्या घरात आतापासूनच धाकधूक सुरू झाली आहे. अम्मी बासष्ट वर्षांची. साखरेचा आजार चौदा वर्षांपासून, गेली चार वर्षं दिवसातून दोनदा इन्सुलिन. मागच्या रमजानच्या नवव्या दिवशी मगरिबच्या (सूर्यास्ताच्या नमाजच्या) थोडं आधी ती मुसल्ल्यावरच (नमाजच्या चटईवरच) आडवी पडलेली सापडली. घामाने चिंब, डोळे उघडे, पण बोलता येईना. ग्लुकोमीटरवर आकडा ४८. साखरेचं पाणी तोंडाला लावलं तर ओठ घट्ट मिटून मान हलवत होती. अजानला सात मिनिटं बाकी होती, आणि तेवढं तिला त्या अवस्थेतही कळत होतं.

तेव्हाच्या डॉक्टरांनी मान वर न करता “रोजे बंद” एवढंच सांगितलं आणि पुढचा पेशंट बोलावला. अम्मीला ते फार लागलं. ती म्हणते, “त्यांना काय माहीत रोजा म्हणजे काय. मी सात वर्षांची होते तेव्हापासून ठेवतेय. आता अल्लाहला काय तोंड दाखवू?”

मला तिच्याशी भांडायचं नाहीये. मला दोन गोष्टी नीट समजून घ्यायच्या आहेत. आजारी माणसाबद्दल दीन (धर्म) नेमकं काय सांगतो? आणि वैद्यकीय बाजूने धोका नेमका कुठे आहे? ऐकीव नको, माहीत असलेलं सांगा.

पाणपोई

अस्सलामु अलैकुम, निळाई. आधी मूळ जागा बघू. रोजा फर्ज (बंधनकारक) झाल्याचा हुकूम सूरह अल-बकराच्या १८३व्या आयतीत आहे. आजाऱ्याची सवलत, म्हणजे रुख्सत, लगेच पुढच्या आयतीत, म्हणजे १८४मध्ये: आजारी असेल किंवा प्रवासात असेल त्याने इतर दिवसांत ती संख्या पूर्ण करावी, ज्यांना ते झेपतच नाही त्यांनी फिदया म्हणून गरिबाला जेवू घालावं. १८५मध्ये आजारी आणि प्रवासी यांचा उल्लेख पुन्हा येतो आणि त्याला जोडूनच म्हटलं आहे की अल्लाह तुमच्यासाठी सोपेपणा इच्छितो, अडचण इच्छित नाही. हुकूम आणि रुख्सत एकाच श्वासात आली आहेत. रुख्सत ही मागाहून कुणी काढलेली पळवाट असती तर ती तिथे नसती.

फिकहमध्ये (धर्मशास्त्रात) हे असं मांडतात. आजार तात्पुरता असेल तर बरं झाल्यावर कजा, म्हणजे राहिलेले रोजे नंतर भरून काढणं. बरं होण्याची आशा नसेल तर प्रत्येक रोज्यामागे एका गरजूचं जेवण. आणि “रोज्याने आजार बळावेल” हे ठरवण्यासाठी स्वतःचा आधीचा अनुभव किंवा जाणकार, विश्वासू वैद्याचं मत पुरेसं धरलं आहे. अम्मींच्या बाबतीत दोन्ही आहेत. बहुतेक उलमांच्या (धर्मपंडितांच्या) मते जीवाला धोका असेल तेव्हा रोजा न ठेवणं वाजिब (आवश्यक) होतं. तिथे “ठेवला तरी चालेल” असं उरत नाही.

मुसाफिर

माफ करा, पण मला थोडं वेगळं वाटतं. माझे अब्बू साखरेचा आजार असूनही वीस वर्षं रोजे ठेवत आले, काही झालं नाही. उलट रमजानमध्ये त्यांची साखर खाली येते. रोज्याने शरीर शुद्ध होतं, त्यावर तर नोबेल पारितोषिकही मिळालं आहे. डॉक्टर लगेच घाबरवतात. नियत पक्की असेल तर अल्लाह ताकद देतो.

स्टेथो

मी फिजिशियन आहे, रोज अशा पेशंट्सना बघतो. मुसाफिर यांच्यापासून सुरुवात करतो, कारण हे मला दर वर्षी ऐकायला मिळतं.

नोबेलचं असं आहे. २०१६मध्ये योशिनोरी ओसुमी यांना ते मिळालं ते पेशी स्वतःचेच टाकाऊ भाग कसे मोडून पुन्हा वापरतात याच्या शोधासाठी, म्हणजे ऑटोफॅजीसाठी. त्यांचं काम यीस्टच्या पेशींवर होतं. रोज्याचा त्या संशोधनाशी संबंध नव्हता, आणि इन्सुलिनवर असलेल्या बासष्ट वर्षांच्या बाईला तर त्यातून काहीच लागू होत नाही. तुमच्या अब्बूंना त्रास झाला नाही याचा मला आनंदच आहे. ते कोणत्या गोळ्या घेतात हे मात्र महत्त्वाचं. फक्त मेटफॉर्मिनवर असणाऱ्याची साखर धोकादायक खाली जाण्याची शक्यता फार कमी. ग्लिमेपिराइडसारख्या सल्फोनिलयुरिया गटातल्या गोळ्यांवर ती जास्त, आणि इन्सुलिनवर त्याहून जास्त.

आता निळाई, तुमच्या प्रश्नाकडे. निरोगी माणूस उपाशी असतो तेव्हा त्याचं शरीर इन्सुलिन आपोआप कमी करतं आणि यकृत साठवलेली साखर सोडत राहतं. टोचलेल्या इन्सुलिनला मात्र तुम्ही उपाशी आहात हे कळत नाही. सहरीला (रोज्याआधीच्या पहाटेच्या जेवणाला) घेतलेला डोस दुपारीही आपलं काम करतच राहतो. तोवर यकृतातला साठा उतरत आलेला असतो. म्हणून असे प्रसंग बरेचदा दिवसाच्या शेवटच्या तासांत होतात, तुमच्या अम्मींना झालं तसेच. मूत्रपिंडं थकलेली असतील तर इन्सुलिन शरीराबाहेर पडायला वेळ लागतो आणि धोका वाढतो. त्यांची क्रिएटिनिनची, म्हणजे मूत्रपिंडांचं काम दाखवणारी, रक्ततपासणी झाली आहे का?

या विषयावर मोठा अभ्यास झाला आहे. २००१मध्ये १३ देशांतल्या बारा हजारांहून जास्त मधुमेही मुस्लिमांची पाहणी झाली. टाइप २च्या सुमारे ७९ टक्के लोकांनी निदान पंधरा दिवस रोजे ठेवले होते. दवाखान्यात दाखल करावं लागेल इतकी साखर घसरण्याचं प्रमाण त्यांच्यात रमजानमध्ये साडेसात पटीने वाढलेलं दिसलं. त्यातून पुढे तज्ज्ञांनी मार्गदर्शक सूचना तयार केल्या, २०२१मध्ये सुधारल्या. त्यात प्रत्येक पेशंटला गुण देऊन कमी, मध्यम आणि जास्त धोका असे गट करतात. मागच्या तीन महिन्यांत साखर जोरात घसरली होती का, घसरलेली कळते का, मूत्रपिंड, हृदय, वय, उपचार, मागच्या रमजानचा अनुभव, सगळं त्यात मोजतात. म्हणजे “मधुमेह आहे, रोजा बंद” असा सरसकट नियम नाही. कमी धोक्याच्या पेशंटला मी स्वतः औषधांच्या वेळा आणि डोस बदलून देतो आणि ते समाधानाने महिना पार पाडतात. पण ही भेट रमजानच्या सहा ते आठ आठवडे आधी व्हायला हवी. तुम्ही अगदी योग्य वेळी विचारलंय.

दोन आकडे घरात सगळ्यांना पाठ हवेत. साखर ७०च्या खाली गेली किंवा ३००च्या वर गेली तर रोजा त्या क्षणी सोडायचा. सात मिनिटं उरली असतील तरीही. ४८वर मेंदूला इंधन कमी पडत असतं. अम्मी ओठ मिटून घेत होत्या त्यात श्रद्धा किती आणि घसरलेली साखर किती, हे त्यांनाही सांगता येणार नाही. आणि एक, बेशुद्ध होत चाललेल्या, गिळता न येणाऱ्या माणसाच्या तोंडात पाणी ओतू नका, ते फुप्फुसात जातं. ताबडतोब दवाखाना गाठा.

धाग्यावर वाचून कुणीही डोस बदलू नये, ही हात जोडून विनंती.

पाणपोई

स्टेथो, जझाकल्लाह. एक जोडतो, कारण यामुळे लोक तपासणीच टाळतात: बोटाला टोचून साखर तपासल्याने रोजा तुटत नाही. जेद्दाच्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने १९९७च्या ठरावात रक्ताचा नमुना, कातडीतून किंवा स्नायूत दिलेली इंजेक्शनं, डोळ्याचे थेंब, ऑक्सिजन, छातीत कळ आल्यावर जिभेखाली ठेवायची गोळी (गिळली नाही तर) यांनी रोजा तुटत नाही असं म्हटलं. शरीराला पोषण देणारी सलाईन त्यांनी वेगळी काढली. दम्याच्या पंपाबद्दल मात्र उलमांमध्ये मतभेद आहे, तिथे आपल्या मुफ्तींना विचारावं. पण श्वास कोंडला असेल तर आधी पंप, मग प्रश्न.

आणि साखर घसरली म्हणून रोजा सोडावा लागला तर त्याची फक्त कजा. कफ्फारा (रोजा मुद्दाम मोडल्याचं प्रायश्चित्त) लागत नाही. या भीतीपोटीही माणसं थांबून राहतात.

मुसाफिर

अब्बूंना विचारलं. ते मेटफॉर्मिनच घेतात. मी नोबेलचा तो मेसेज बऱ्याच जणांना पुढे पाठवला होता, आज दुरुस्ती पाठवतो. तरी माझा मूळ प्रश्न राहतोच. शिफा अल्लाहच्या हातात आहे असं मानतो, तर मग एवढा हिशेब, आकडे, गुण... तवक्कुल (अल्लाहवरचा भरवसा) कुठे उरला?

जुनी_वही

मुसाफिर, हा प्रश्न फार जुना आहे आणि फार मोठ्या माणसाने विचारलेला आहे.

६३८-३९च्या सुमाराला शाम (आजचा सीरिया आणि आसपासचा) प्रांतात प्लेगची साथ आली, अमवासची साथ म्हणून ती इतिहासात नोंदली आहे. खलिफा उमर तिकडे निघाले होते. सर्ग या ठिकाणी त्यांना साथीची बातमी कळली. त्यांनी सल्लामसलत केली, मतं दोन्ही बाजूंनी पडली आणि शेवटी त्यांनी परत फिरायचं ठरवलं. तेव्हा सेनापती अबू उबैदा यांनी विचारलं: अल्लाहच्या तकदीरपासून पळता? उमर म्हणाले: हो, अल्लाहच्या एका तकदीरकडून अल्लाहच्याच दुसऱ्या तकदीरकडे. आणि उदाहरण दिलं: तुझे उंट एखाद्या दरीत उतरले, एक कड हिरवी, दुसरी ओसाड; हिरव्या कडेला चारलेस तरी ते तकदीरनेच, ओसाड कडेला चारलेस तरी तकदीरनेच. तेवढ्यात अब्दुर्रहमान बिन औफ आले आणि त्यांनी पैगंबरांचं (स.) वचन सांगितलं, की साथ असलेल्या मुलखात जाऊ नका, आणि तुम्ही असलेल्या ठिकाणी साथ आली तर तिथून पळून बाहेर पडू नका. हे सगळं बुखारीत, म्हणजे हदीसच्या (पैगंबरांच्या वचनांच्या, हकिकतींच्या) मान्यवर संग्रहात आहे.

अबू उबैदा आपल्या लोकांसोबत तिथेच राहिले आणि त्याच साथीत गेले. त्यांचाही मान तेवढाच ठेवला जातो. पण निर्णय कसा घ्यायचा, हे उमरनी दाखवलं.

दुसरी गोष्ट त्याहून थेट आहे, अबू दाऊदच्या संग्रहातली. प्रवासात एका माणसाच्या डोक्याला दगड लागून जखम झाली. रात्री त्याच्यावर गुस्ल (पूर्ण आंघोळ) फर्ज झालं. त्याने सोबत्यांना विचारलं, मला तयम्मुम (पाण्याऐवजी मातीने शुद्धी) चालेल का? ते म्हणाले, पाणी आहे, तुला सवलत दिसत नाही. त्याने आंघोळ केली आणि तो मेला. पैगंबरांना (स.) कळलं तेव्हा ते कमालीचे संतापले: त्यांनी त्याला मारलं! माहीत नव्हतं तर विचारलं का नाही? न कळण्यावरचा इलाज विचारणं हाच आहे.

मी जेव्हा जेव्हा ही हदीस वाचतो तेव्हा त्या सोबत्यांचा विचार येतो. ते वाईट नव्हते. दीन कडक पाळावा एवढंच त्यांना वाटत होतं.

वॉर्ड_सात

मी परिचारिका आहे, मुस्लिम नाही. विषय थोडा बाजूला नेते, पण इथे सांगणारे लोक आहेत म्हणून विचारते. आमच्याकडे मुस्लिम पेशंट असतात. प्लास्टर, कॅथेटर, सलाईन लागलेली माणसं नमाजच्या वेळी कासावीस होतात. एक आजोबा ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवशी टाके सांभाळत खाली वाकायला बघत होते. मला काय बोलावं कळलं नाही, मी नुसती ओरडले त्यांच्यावर. नंतर वाईट वाटलं. अशा वेळी मी काय सांगू शकते?

पाणपोई

सिस्टर, विचारलंत हेच फार आहे. बुखारीत इम्रान बिन हुसैन यांची हकिकत आहे. त्यांना मूळव्याध होती. त्यांनी नमाजबद्दल विचारलं तेव्हा उत्तर मिळालं: उभं राहून पढ, ते जमत नसेल तर बसून, तेही नसेल तर कुशीवर. एवढं आजोबांना शांतपणे सांगितलंत तरी पुरे. पडल्या पडल्या मानेच्या इशाऱ्याने रुकू (कमरेत वाकणं) आणि सजदा (कपाळ टेकणं) होतो. प्लास्टरवर ओला हात फिरवला की वुजू (नमाजआधीची हात-पाय-तोंड धुण्याची शुद्धी) होतो. पाणी लावणं घातक असेल तर स्वच्छ मातीवर किंवा दगडावर हात टेकवून तयम्मुम. बऱ्याच पेशंटांना हे माहीत असतं, पण आजारपणात त्यांना कुणीतरी आठवण करून द्यावी लागते. पलंग किब्ल्याकडे (मक्केच्या दिशेला) वळवता आला तर उत्तम, नाही वळवता आला तर आहे त्या दिशेला.

बायकांच्या बाबतीत तपासणीला स्त्री डॉक्टर असावी हे रास्त आहे. ती नसेल तर पुरुष डॉक्टरने गरजेपुरतं बघण्याला मुभा आहे, आणि त्यासाठी उपचार लांबवू नयेत. पडदा ओढणं, लागेल तेवढाच भाग उघडणं, जवळ घरची बाई किंवा सिस्टर असणं, एवढ्याने खूप फरक पडतो.

जुनी_वही

सिस्टरांच्या पेशाची परंपरा मोठी आहे म्हणून सांगतो. ६२७मध्ये खंदकाच्या लढाईत साद बिन मुआज बाणाने जखमी झाले, तेव्हा त्यांच्यासाठी मदिनेच्या मशिदीतच तंबू उभारला होता. तिथे जखमींची शुश्रूषा करणाऱ्या रुफैदा यांचं नाव जुन्या चरित्रग्रंथांत येतं. मशिदीच्या आवारात, एका बाईच्या हाताखालचा दवाखाना! पुढे वक्फच्या (धर्मादाय दानाच्या) उत्पन्नावर मोठी इस्पितळं उभी राहिली, बिमारिस्तान. दमास्कसचं नूरुद्दीनचं ११५४चं, कैरोचं सुलतान कलावूनचं १२८४चं. कैरोच्या वक्फमध्ये अट होती की श्रीमंत-गरीब, बाई-पुरुष सगळ्यांना घ्यावं.

सांजवेळ

धागा शांतपणे वाचत होते. लिहू की नको, दोन दिवस विचार केला.

माझा आजार मीटरवर दिसत नाही. मला नैराश्य आहे, औषधं सुरू आहेत. घरात म्हणतात इमान (श्रद्धा) कमजोर झालंय, नमाज वाढव. मी नमाज सोडलीच नव्हती. सजद्यात रडायचे आणि उठल्यावर तसंच वाटायचं. रमजानमध्ये मी गोळ्या बंद केल्या होत्या, विसाव्या रोज्यापर्यंत माझी अवस्था फार वाईट झाली. त्याबद्दल इथे जास्त लिहीत नाही.

स्टेथो

सांजवेळ, लिहिलंत हे बरं केलंत. नैराश्याच्या बऱ्याच गोळ्या दिवसातून एकदाच घ्यायच्या असतात, त्या इफ्तारनंतर बसवता येतात. पण एकदम बंद करू नका, त्याने त्रास उलटतो. लिथियम घेणाऱ्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय रोजा ठेवूच नये. शरीरातलं पाणी कमी झालं की रक्तातलं लिथियमचं प्रमाण चढतं. रुख्सत फक्त साखरेच्या पेशंटसाठी नाही. आणि मागच्यासारखे विचार पुन्हा आले तर रात्र असो की दिवस, घरातल्या कुणाला तरी जागं करा आणि दवाखान्यात जा.

पाणपोई

बहीण, याकूब (अ.) पैगंबर होते. यूसुफच्या दुःखाने त्यांचे डोळे पांढरे झाले, सूरह यूसुफच्या ८४व्या आयतीत आहे. त्यांच्या इमानाबद्दल कोण बोलेल? आणि आपले पैगंबर (स.) काळजी आणि दुःखापासून अल्लाहचा आसरा मागत, ती दुआ बुखारीत आहे. दुआ कराच, गोळीही घ्याच.

जुनी_वही

अबू जैद अल-बल्खी नावाचे विद्वान होऊन गेले, ८५० ते ९३४. त्यांनी शरीर आणि मन दोन्हींच्या आरोग्यावर ग्रंथ लिहिला. त्यात ते म्हणतात की एक दुःख कारण माहीत असलेलं असतं, दुसरं कारण न सापडणारं. या दुसऱ्याचं मूळ शरीरात असू शकतं आणि त्यावर वैद्यकीय इलाज करावा. हजार वर्षांपूर्वी.

मुसाफिर

सांजवेळ, माझ्या धाकट्या भावाला मी हेच म्हणालो होतो, इमान कमजोर आहे म्हणून. आज त्याला फोन करतो.

निळाई, अम्मींचं काय झालं?

निळाई

सगळ्यांचे आभार. तीन आठवड्यांनी लिहितेय.

मी अम्मीला जखमेच्या माणसाची हदीस वाचून दाखवली. गप्प बसली. मग पाणपोईंनी व्यक्तिगत निरोपात आणखी दोन पाठवल्या होत्या, त्या वाचल्या. मक्का-विजयाच्या वर्षी, रमजानच्या प्रवासात लोकांना रोजा जड जात होता, तेव्हा पैगंबरांनी (स.) असरनंतर (दुपारनंतरच्या नमाजनंतर) पाण्याचा पेला सगळ्यांना दिसेल असा वर धरला आणि प्यायले. काहींनी तरीही रोजा सोडला नाही हे कळल्यावर म्हणाले, ते अवज्ञा करणारे आहेत. अम्मीने हे दोनदा वाचायला लावलं.

पण ती बदलली ती दुसऱ्या हदीसने. बंदा आजारी पडतो किंवा प्रवासात असतो, तेव्हा तो निरोगी असताना, घरी असताना जे करत होता तेच त्याच्या नावे लिहिलं जातं. बुखारीत आहे. अम्मीने विचारलं, “म्हणजे माझे रोजे अजून लिहिले जातायत?” मी हो म्हटलं. ती खूप वेळ रडली. तेव्हा मला कळलं की वर्षभर मी तिला साखर समजावत होते आणि ती मात्र आपलं नाव खोडलं गेलं या दुःखात होती.

दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो, यांनी वेळ दिला. क्रिएटिनिन वाढलेलं निघालं. गुण मोजून अम्मी जास्त धोक्याच्या गटात आली, म्हणून रोजा नाही, हिवाळ्यात कजाही नाही, फिदया. अम्मीने त्यांना एकच प्रश्न विचारला: “इन्सुलिनमध्ये डुकराचं काही असतं का?” कुणीतरी तिला तसं सांगितलं होतं, चार वर्षं ती ते मनात धरून टोचून घेत होती. पूर्वी डुकराच्या आणि गाईच्या स्वादुपिंडातून काढत, हे खरं. १९८२पासून जिवाणूंकडून तयार करवलेलं मानवी इन्सुलिन मिळू लागलं. तिच्या पेनात तसलंच आहे, डॉक्टरांनी दाखवलं. त्या दिवशी घरी येताना ती एकदम हलकी वाटली.

पाणपोई

अल्हम्दुलिल्लाह. सलाम सांगा त्यांना. फिदया रोजच्या रोज दिला तरी चालतो, एकदम दिला तरी चालतो.

निळाई

रोज द्यायचा म्हणते. आणि सहरीला सगळ्यांना तीच उठवणार आहे, हे तिने आधीच जाहीर केलंय. उठल्यावर आधी स्वतःची साखर बघायची, वहीत लिहायची, मग आम्हाला हाका मारायच्या.

स्टेथो, एक विचारायचं राहिलं. पहाटेचा आकडा १००च्या आसपास असेल तर तिने लगेच काही खायला हवं का, की आमच्यासोबत बसेपर्यंत थांबलं तरी चालेल?

स्टेथो

१०० असेल तर थांबायला हरकत नाही, सगळ्यांसोबत जेवू द्या. इन्सुलिन मात्र ताट समोर आल्याशिवाय घेऊ नये. ७०च्या खाली असेल तर कुणाची वाट बघायची नाही, आधी साखर. वहीचे आकडे दर आठवड्याला डॉक्टरांना दाखवा.